पहिला पेपर कसा लिहावा: सोलापूरच्या नव्या आरोग्य-संशोधकांसाठी

एमडीचा थीसिस जमा होतो, परीक्षा संपते आणि रेक्झिनच्या बांधणीतली ती प्रत विभागाच्या कपाटात जाऊन बसते. पुढच्या बॅचचा एखादा रेसिडेंट नमुना म्हणून ती चाळतो, तेवढाच तिचा वाचक. सोलापुरात सिव्हिलला, कुंभारीला, बार्शी-पंढरपूरच्या रुग्णालयांत आणि तालुक्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत अशी कितीतरी माहिती रजिस्टरांतच राहते. हा लेख त्या रेसिडेंटसाठी आहे, आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यासाठी आहे, नर्सिंग कॉलेजातल्या शिक्षिकेसाठी आहे. आणि या मंडळींना मदत करायला जो शेजारी बसतो, त्याच्यासाठीही.

बहुतेकांना वाटतं की घोडं इंग्रजीपाशी अडतं. मला तसं वाटत नाही. पेपर अडतो तो प्रश्न धड ठरलेला नसतो म्हणून, नैतिकता समितीचं पत्र वेळेवर घेतलेलं नसतं म्हणून आणि जर्नल चुकीचं निवडलं म्हणून. तिन्ही गोष्टी इंग्रजीतलं पहिलं वाक्य लिहिण्याआधी हातात असतात. त्यामुळे लेखाचा बराच भाग त्यांच्यावरच खर्च होणार आहे.

आधी प्रश्न, तोही अरुंद

‘सोलापुरातल्या विडी कामगार महिलांचं आरोग्य’ हा विषय झाला, प्रश्न नाही. यावर पेपर लिहायला बसलात तर पाठदुखी, खोकला, डोळे, रक्तक्षय, मुलांची शाळा असं सगळं आत येईल आणि संपादक पहिल्या पानावरच थांबेल. प्रश्न असा हवा: ‘कुंभारीच्या वसाहतीतल्या, १८ ते ४५ वयाच्या, गरोदर नसलेल्या आणि किमान पाच वर्षं विड्या वळणाऱ्या महिलांपैकी किती जणींचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली आहे?’ कोण, कुठे, काय मोजायचं आणि कुठल्या रेषेखाली, हे सगळं एका वाक्यात आलं. १२ ग्रॅमची रेषा जागतिक आरोग्य संघटनेची आहे आणि गरोदरपणात ती बदलते. म्हणूनच ‘गरोदर नसलेल्या’ हे शब्द आधीपासून लिहून ठेवायचे.

प्रश्न अरुंद झाला की नमुना किती घ्यायचा याचं गणितही करता येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या महिलांत रक्तक्षयाचं प्रमाण ५७ टक्के निघालं. तो आकडा धरून, पाच टक्के चूक चालेल असं ठरवलं, तर ३७७ महिला लागतात. दहा टक्के जणी नकार देतील असं धरलं तर ४१९. हे गणित ओपनएपी या मोफत साधनावर पाच मिनिटांत होतं. मात्र ‘विड्या न वळणाऱ्या शेजारणींपेक्षा हे प्रमाण जास्त आहे का?’ असं विचारायचं असेल तर सूत्र बदलतं आणि नमुनाही. त्यासाठी संख्याशास्त्राच्या माणसाकडे माहिती गोळा करण्याआधी जायचं. भरलेली एक्सेल शीट घेऊन ‘सर, यातून काहीतरी काढून द्या’ म्हणणाऱ्याला कोणीही फारसं काही काढून देऊ शकत नाही.

एक परीक्षा मी सगळ्यांना सुचवतो. आपला प्रश्न आणि अपेक्षित उत्तर मराठीत, दोन वाक्यांत, दुसऱ्या विभागातल्या मित्राला चहाच्या टपरीवर सांगा. त्याने ‘मग?’ असं विचारलं आणि तुमच्याकडे उत्तर नसलं, तर प्रश्न अजून तयार नाही.

‘सोलापूरसारख्या ठिकाणचं काम कोण छापणार?’ हे वाक्य मी फार ऐकतो. त्याला उत्तर याच जिल्ह्यात आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात १९८७ पासून कर्करोग नोंदणी चालते. ग्रामीण लोकसंख्येवर आधारलेली देशातली ती पहिली नोंदणी. याच रुग्णालयाने टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिऑनच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबर शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची चाचणी केली. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिला. निष्कर्ष २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला: एचपीव्ही या, हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूच्या तपासणीच्या एकाच फेरीनेही पुढच्या टप्प्यातले कर्करोग आणि मृत्यू लक्षणीय घटले. एवढं मोठं काम तुम्हाला पहिल्या फटक्यात जमणार नाही, जमायची गरजही नाही. पण त्याची घडण बघून ठेवा: वर्षानुवर्षं नीट ठेवलेल्या नोंदी आणि एकच नेमका प्रश्न. पत्ता बार्शीचा आहे म्हणून तो पेपर अडला नाही.

समितीचं पत्र आणि संमतीची भाषा

संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी माहिती गोळा करण्यापूर्वी लागते. काम उरकल्यावर मागच्या तारखेने ती मिळत नाही आणि मागूही नये. ‘फक्त जुनी केसपेपरं पाहिली, रुग्णाला हातही लावला नाही’ असं असलं तरी समितीकडे जायचंच. अशा कामात रुग्णांची संमती माफ होऊ शकते, पण ती माफ करायचा अधिकार समितीचा, तुमचा नाही. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं मोफत मिळतात. त्यातलं संमतीचं प्रकरण तरी वाचाच. जर्नल तुमच्याकडे पत्राचा क्रमांक आणि तारीख मागणार. एका रुग्णाची केस रिपोर्ट लिहायची असेल तर त्या रुग्णाची लेखी संमती घ्या, आणि ती डिस्चार्जच्या आधी घ्या. नंतर तो माणूस मंगळवेढ्याच्या कुठल्या वाडीवर गेला हे शोधत बसाल.

सोलापुरात एक गोष्ट हमखास विसरली जाते. मराठी संमतीपत्र छापलं म्हणजे झालं, असं इथे नाही. पूर्व भागात कितीतरी घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड, शहरात उर्दूही. ज्या बाईला तुम्ही बोटातून रक्त का काढताय हे तिच्या भाषेत कळलं नाही, तिची सही म्हणजे संमती नव्हे. भाषांतरं करून घ्या, दुसऱ्या माणसाकडून ती उलट मराठीत फिरवून तपासा आणि तीही समितीसमोर ठेवा. लिहिता-वाचता येत नसेल तर अंगठा चालतो, पण सोबत साक्षीदार हवा. तो तुमच्या टीमबाहेरचा आणि वाचता येणारा असावा. पेपरच्या पद्धतीच्या भागात या सगळ्याची दोन वाक्यं लिहिलीत की जर्नलच्या परीक्षकाला, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाला, कळतं की हा माणूस खरंच वस्तीत गेला होता. जाता जाता: महिला विड्या जमा करायला कधी जातात हे आधी विचारून घ्या. नाहीतर घरोघरी कुलपंच मोजाल आणि नकारांचा आकडा उगाच फुगेल.

औषध, व्यायाम, समुपदेशन, काहीही ‘देऊन’ परिणाम पाहणार असाल तर ती चाचणी झाली. ती सीटीआरआयवर, म्हणजे भारतीय चाचणी नोंदवहीत, पहिला सहभागी घेण्याआधी नोंदवायची. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही. एमडीच्या थीसिसलाही यातून सूट नाही, आणि नोंदणी क्रमांक नसला तर चांगली जर्नलं दारातूनच परत पाठवतात.

वाचायला काय मिळतं

पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीवर, शोध मोफत, पबमेड सेंट्रलवर पूर्ण पेपर मोफत. सरकारी महाविद्यालयात असाल तर १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना विचारून घ्या: ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नलं. लॉगिन कसं करायचं हे ग्रंथपालांना ठाऊक असतं आणि त्यांना ते कोणी विचारतच नाही. खाजगी महाविद्यालयं पहिल्या टप्प्यात या योजनेत नाहीत. परदेशी मार्गदर्शकांत ‘हिनारी’चं नाव वारंवार येतं. गरीब देशांसाठीच्या त्या सुविधेच्या यादीत भारत नाही, तेव्हा त्यात वेळ घालवू नका. एखादा पेपर कुठेच मिळाला नाही तर लेखकालाच ईमेल करा. लेखक बहुधा आनंदाने पीडीएफ पाठवतात.

संदर्भ झोटेरोत, म्हणजे संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ठेवा, पहिल्या दिवसापासून. ऑर्किड हा संशोधकाचा ओळखक्रमांक काढा, दोन्ही मोफत आहेत. आयसीएमआरच्या चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा ‘बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च’ अनेक जण नियमापुरता उरकतात. तो लक्ष देऊन केला तर या लेखातलं निम्मं तिथेच मिळेल.

तक्ते आधी, वाक्यं नंतर

पेपर वरून खाली लिहायचा नसतो. शीर्षक, सारांश, प्रस्तावना या क्रमाने लिहायला बसलात तर प्रस्तावनेतच महिना जाईल. आधी रिकामे तक्ते काढा, तेही माहिती गोळा करण्यापूर्वी. पहिल्या तक्त्यात महिला कोण होत्या: वय, शिक्षण, किती वर्षं विडीकाम. दुसऱ्यात मुख्य उत्तर. तिसऱ्यात गटागटांतला फरक. प्रश्नावलीतला जो प्रश्न कुठल्याच तक्त्यात बसत नाही तो काढून टाका. सत्तर प्रश्नांची प्रश्नावली अशाने पंचवीसवर येते आणि समोरच्या बाईचा अर्धा तास वाचतो.

तक्ते भरले की पद्धत लिहा, मग निष्कर्ष, मग चर्चा, मग प्रस्तावना. सारांश आणि शीर्षक सगळ्यात शेवटी. पद्धत लिहिताना शेजारी स्ट्रोबची यादी ठेवा. निरीक्षणात्मक अभ्यासांसाठीची ही २२ मुद्द्यांची यादी इक्वेटर नेटवर्कच्या संकेतस्थळावर आहे. तिथेच चाचण्यांसाठी कन्सॉर्ट, केस रिपोर्टसाठी केअर आणि पद्धतशीर आढाव्यासाठी प्रिझ्मा आहे. बरीच जर्नलं ही यादी भरून मागतात. शेवटी भरण्यापेक्षा ती समोर ठेवूनच लिहिणं सोपं.

निष्कर्षात विशेषणं नकोत. ‘महिलांमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण चिंताजनक आढळलं’ या वाक्यातून वाचकाला काही मिळत नाही. समजा आकडे असे आले, तर असं लिहा: ‘४०० पैकी २४० महिलांचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी होतं (६० टक्के, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल ५५ ते ६५).’ कॉन्फिडन्स इंटर्व्हल म्हणजे खरं प्रमाण ज्या पट्ट्यात असण्याची दाट शक्यता असते तो पट्टा. चिंता करायची की नाही ते वाचक ठरवेल.

चर्चेत नवखे लोक दोन प्रकारे घसरतात. एक म्हणजे जगातल्या प्रत्येक अभ्यासाचा आकडा ओळीने मांडतात: अमुक ठिकाणी ५२, तमुक ठिकाणी ६१. त्यातून वाचकाने काय घ्यायचं? तुमचा आकडा वेगळा का आला याचं कारण सुचत असेल तेवढेच अभ्यास घ्या. दुसरं घसरणं जास्त महागात पडतं. एकाच वेळी घेतलेल्या पाहणीवरून ‘विडीकामामुळे रक्तक्षय होतो’ असं लिहितात. तुमच्याकडे तेवढा पुरावाच नाही. ज्या घरात पोटापाण्यासाठी विड्या वळाव्या लागतात त्या घरात भाजी-डाळही कमीच असू शकते. ‘संबंध दिसला’ इथे थांबा आणि अभ्यासाच्या मर्यादा स्वतःच्या हाताने लिहा. परीक्षकाला त्या सापडणारच असतात.

आणि इंग्रजी? छोटी वाक्यं, एका वाक्यात एक गोष्ट, एवढं पुरतं. ज्यांना इंग्रजीत विचारच सुचत नाही त्यांनी सहकाऱ्याला मराठीत समजावून सांगताना फोनवर रेकॉर्ड करावं आणि ते ऐकत ऐकत लिहावं. घडण नीट येते. भाषा सुधारायला एआय वापरलात तर तसं जाहीर करा. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या म्हणजे आयसीएमजेईच्या नियमानुसार एआयला लेखक म्हणून टाकता येत नाही आणि जबाबदारी तुमचीच राहते. त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ पबमेडवर तपासा, कारण नसलेले पेपर तो बिनदिक्कत उभे करतो. रुग्णांची माहिती त्यात टाकू नका, नावं काढलेली असली तरी.

नावं कुणाची

हा भाग सगळ्यांनाच अवघड जातो. आयसीएमजेईच्या चार अटी आहेत: कामाच्या आखणीत, माहिती मिळवण्यात किंवा विश्लेषणात भरीव वाटा; मसुदा लिहिण्यात किंवा त्यात विचारपूर्वक दुरुस्ती करण्यात सहभाग; अंतिम प्रतीला मान्यता; आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. चारही पूर्ण झाल्या तरच लेखक. आपल्याकडे ‘एचओडी सरांचं नाव घालावंच लागतं’ ही रीत आहे, आणि रेसिडेंटने उठून सरांना नियम ऐकवावेत असं मी सांगणार नाही. त्याने थीसिस सही होऊन यायचा तो लांबतो. त्यापेक्षा काम सुरू होतानाच कागदावर यादी करा: कोण काय करणार, कोण पहिलं, कोण शेवटचं. वरिष्ठांना खरं काम द्या. ‘सर, तक्ते आणि चर्चा तुम्ही तपासून दिलीत तर बरं होईल’ असं म्हटलं की बहुतेक वेळा सर खरंच तपासतात, सुचवतात आणि लेखकपदाला पात्रही होतात. ज्या आशाताईंनी घरं दाखवली, ज्या टेक्निशियनने चारशे नमुने तपासले, त्यांचे आभार नावानिशी माना, त्यांना विचारून.

जर्नल निवडताना

व्हॉट्सॲपवर ‘तीन दिवसांत प्रकाशन, सर्टिफिकेटसह’ असा निरोप आला तर तो पुसून टाका. खरं परीक्षण तीन दिवसांत होत नाही. अशी जर्नलं पैसे घेतात, पेपर कुठेतरी टांगतात, आणि तो पेपर तुम्ही परत कुठे छापूही शकत नाही. चार-दोन ठिकाणी खातरजमा करा: जर्नल पबमेडवर किंवा डीओएजेमध्ये, म्हणजे मोफत वाचता येणाऱ्या खुल्या जर्नलांच्या सूचीत, खरंच सापडतं का, त्याच्या संकेतस्थळावर जाऊन नव्हे, पबमेड-डीओएजेच्या बाजूने शोधून. संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का. फी आधी सांगितलेली आहे का. ‘थिंक, चेक, सबमिट’ ही मोफत यादी यासाठीच आहे. यूजीसीची मान्य जर्नलांची ‘केअर’ यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, तरी ‘यूजीसी केअर मान्य’ असं मिरवणारी जर्नलं अजून दिसतात. बढतीसाठी पेपर हवा असेल तर एनएमसीचा, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा, त्या वेळचा नियम मूळ राजपत्रात वाचा. सहकाऱ्याच्या आठवणीवर जाऊ नका.

पैशाचं गणित नीट समजून घ्या. परदेशी खुल्या जर्नलांत छपाईची फी हजार डॉलरच्या वर सहज जाते. ‘गरीब देशांना माफी’ असं लिहिलेलं असतं आणि आपण खूश होतो. पण आपोआप मिळणारी माफी बहुतेक प्रकाशक ज्या देशांच्या यादीवरून देतात त्यात भारत नसतो. म्हणून पेपर पाठवण्यापूर्वी संपादकांना सरळ लिहून विचारा: आमच्या अभ्यासाला निधी नव्हता, सवलत मिळेल का? कधी मिळते. नाहीतर देशी जर्नलं बघा. आयसीएमआरचं इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च १९१३ पासून निघतं, मुंबईच्या केईएममधून जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन १९५५ पासून. नैतिकतेचा मुद्दा असेल तर मुंबईचंच इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स लेखकांकडून फी घेत नाही. निवडलेल्या जर्नलचे गेल्या वर्षाचे अंक चाळा. तुमच्यासारखा एकही अभ्यास तिथे दिसला नाही तर दुसरं बघा.

पाठवल्यानंतर

एका वेळी एकच जर्नल. दोन ठिकाणी एकदम पाठवणं गैरवर्तन समजतात. परीक्षणाला न पाठवताच संपादकाने नकार दिला तर वाईट वाटून घेऊ नका, तो सगळ्यांना येतो. त्या आठवड्यातच पुढच्या जर्नलच्या साच्यात बसवून पाठवा. कपाटात गेलेला पेपर परत बाहेर येत नाही.

‘मेजर रिव्हिजन’, म्हणजे मोठ्या दुरुस्त्या करून परत पाठवा, असं आलं तर ती चांगली बातमी आहे, चेहरे पाडून बसायचं कारण नाही. दोन दिवस थांबा, राग जाऊ द्या. मग परीक्षकाचा प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा उतरवा, खाली तुमचं उत्तर आणि बदल कुठल्या पानावर केला ते. एकही मुद्दा गाळू नका. पटलं नाही तर तसं सांगता येतं: ‘फेरिटिन (शरीरातल्या लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) तपासायला हवं होतं ही सूचना रास्त आहे. निधीअभावी ते शक्य झालं नाही, हे आम्ही मर्यादांमध्ये नोंदवलं आहे.’ एवढं पुरतं. स्वीकृतीनंतर प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रत, येतं आणि ते बहुधा ४८ तासांत परत मागतात. त्यात नावांचं स्पेलिंग, संस्थेचं नाव आणि तक्त्यातले आकडे तपासा.

शेजारी बसणाऱ्यांसाठी

तुम्ही शिक्षक असाल, वरिष्ठ असाल, किंवा नुकताच स्वतःचा पेपर छापून आलेला मित्र असाल, तर धाकट्याचा मसुदा स्वतः लिहून काढू नका. लाल रंगाने भरलेली प्रत परत आली की तो ‘ॲक्सेप्ट ऑल’ दाबतो आणि काही शिकत नाही. पहिल्या वाचनात फक्त तीनच गोष्टी विचारा: प्रश्न काय, उत्तर कुठल्या तक्त्यात, आणि त्या तक्त्यापलीकडे जाऊन काय म्हटलंय? व्याकरण दुसऱ्या फेरीला. तारखा ठरवून भेटा, ‘झालं की दाखव’ म्हटलं की ते होत नाही. निव्वळ इंग्रजी सुधारून दिलं म्हणून लेखकात नाव मागू नका, त्याची जागा आभारात. आणि तुमच्या विभागात असं बसायला कोणीच नसेल तर ऑथरएडवर नाव नोंदवा. इनॅस्प या ब्रिटनमधल्या संस्थेने सुरू केलेला हा मोफत उपक्रम कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या संशोधकांसाठीच आहे. तिथे लेखनाचे ऑनलाइन अभ्यासक्रम असतात आणि अनुभवी संशोधक मार्गदर्शक म्हणून मिळू शकतात. मार्गदर्शकाला पहिला निरोप लिहिताना ‘मला मदत हवी’ एवढंच लिहू नका. तुमचा एका वाक्यातला प्रश्न, दोन नंबरचा तक्ता आणि नेमकं कुठे अडलंय ते पाठवा.